नोंद क्रमांक एकसष्ट

कळंबोली,
दि. ९ जुलै १९९५, रविवार,
सकाळचे ११ वाजून २० मिनिटे.

आदरणीय प्राध्यापक खदीजा परकार बाई यांस,
सादर नमस्कार.

पत्र लिहायला घेतले तेव्हा मी वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसलो होतो. आज लोखंड बाजाराला सुट्टी आहे. सळ्यांचा एकच ट्रक आला. त्याचे वजन करून पावती दिली, हात साबणाने धुतले आणि मग हा कागद घेतला. आपण मला ओळखत नाही. माझे नाव दिनानाथ सिताराम मढवी, वय २३, राहणार तळवली. शिक्षण नववी पास. शुद्धलेखनात चूक झाल्यास क्षमा असावी.

पुण्याच्या एका वर्तमानपत्रात आपल्याविषयी वाचले. आपण कायद्याच्या महाविद्यालयात शिकवता आणि विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन निर्दोष कैद्यांना सोडवता, असे त्यात होते. ते कात्रण मी चार वेळा वाचले.

माझा मोठा भाऊ नामा जन्मठेपेवर नाशिकच्या तुरुंगात आहे. दि. १२ मे १९८९ रोजी दुपारी एक ते दोनच्या दरम्यान आमच्या गावच्या खाडीच्या बांधावर वामन भगत नावाचा जमिनीचा दलाल मारला गेला. दोन दिवस आधी मोबदल्याच्या पैशांवरून नामादादाचे त्याच्याशी भांडण झाले होते आणि "तुला याच बांधात गाडीन" असे तो सर्वांसमोर बोलला होता. एवढे खरे आहे. परंतु खून झाला त्या वेळी नामादादा पंधरा किलोमीटर दूर, शिरवण्याला लग्नात जेवत होता. तेरा तारखेला त्याला पकडले. ठाण्याच्या कोर्टात १९९१ साली जन्मठेप झाली. मुंबईच्या कोर्टात अपील केले, तेही १९९३ साली गेले. लग्नात त्याला पाहणारे सगळे नात्यातले, म्हणून त्यांच्या साक्षी धरल्या नाहीत.

वडील वारले. घरी आई सुमित्राबाई आणि मी. आईने सांगितले आहे, "त्या बाईंना लिव, मना लिवता येत नाय, नायतं मीच लिवलं असतं."

दोन्ही निकालांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. आपण त्या वाचाव्यात एवढीच विनंती.

आपला नम्र,
दिनानाथ मढवी


पुणे, २६ जुलै १९९५

श्री. दिनानाथ मढवी यांस,
स. न. वि. वि.

पत्र मिळालं. शुद्धलेखनात एकही चूक नाही, माझ्या एल.एल.बी.च्या मुलांना ते फळ्यावर लावून दाखवणार आहे.

पण वर्तमानपत्राची एक चूक मला दुरुस्त करू द्या. "निर्दोष कैद्यांना सोडवते" असं त्यांनी लिहिलं. अकरा वर्षांत माझ्याकडे चारशेच्या वर पत्रं आली. त्यातली साठेक प्रकरणं आम्ही मुळापासून वाचली. सुटले तीन. तिसरा सुटला तेव्हा त्याला एकसष्टावं लागलं होतं आणि जायला घर नव्हतं. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर तुम्ही मला खोटारडी म्हणणार नाही.

दुसरं म्हणजे मला कोर्टात उभं राहता येत नाही. पूर्णवेळ प्राध्यापकाला वकिली करायची परवानगी नसते. मी आणि माझी मुलं कागद वाचतो, त्यातली फट शोधतो आणि मग एखाद्या वकिलाच्या दारात बसून राहतो. मूळची मी म्हसळ्याची, कोकणातली. आमच्याकडे जाळं विणणारे वेगळे आणि होडी घेऊन जाणारे वेगळे. मी विणणारी.

तुमचे कागद सुचिता नावाच्या विद्यार्थिनीने आणि मी दोनदा वाचले. ठाण्याच्या निकालात पान १३ नंतर थेट १५ येतं. पान १३ च्या शेवटी "लग्नातील आहेराची वही लिहिणारा बचावाचा साक्षीदार क्र. २ याने" एवढं आहे आणि वाक्य तुटतं. इतक्या नेटक्या माणसाकडून नेमकं हेच पान कसं राहिलं?

खदीजा परकार


तळवली,
दि. २० ऑगस्ट १९९५

आदरणीय बाई यांस,
सादर नमस्कार.

पान राहिले नव्हते. मी काढून ठेवले होते. आता पाठवत आहे.

बचावाचा साक्षीदार क्र. २ मी आहे.

आमच्या आगरी लोकांत लग्नात मांडवाच्या दाराशी टेबल टाकून आहेर लिहितात. ज्याचे अक्षर चांगले त्याला बसवतात. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो, तरी शिरवण्याहून मला मुद्दाम बोलावणे आले होते. नामादादा आणि मी सकाळी बरोबरच गेलो. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा होता. अक्षता पडल्यावर रांग लागली. एकूण ११८ नोंदी झाल्या. नामादादा माझ्यासमोर आला, ५१ रुपये ठेवले आणि म्हणाला, "लिव रं मास्तर, आनि हिशोब चुकवू नको, नायतं बापूस माजाच कान धरल." मी नोंद क्र. ६१ केली : सिताराम बाळू मढवी, तळवली, रु. ५१.

आहेर घराचा असतो. कोणीही घेऊन आला तरी नाव घरातल्या वडीलधाऱ्याचेच लागते. हे आमच्यात लहान मुलालाही ठाऊक असते. नामादादाचे नाव लिहिले असते तर वडिलांचा अपमान झाला असता.

कोर्टात आमच्याच वकिलांनी वही दाखल केली. नंतर सरकारी वकिलांनी मला विचारले, "तुझ्या वहीत कोणी सुटलंय का?" मी म्हणालो, नाही. "चूक आहे का?" मी म्हणालो, एकही नाही. "मग ज्याने आहेर दिला त्याचं नाव वहीत असणारच?" मी हो म्हणालो. "नामा सिताराम मढवी हे नाव दाखव." मी सर्व पाने उलटली. नाव नव्हते. मी बोलू लागलो तर न्यायाधीश साहेब म्हणाले, विचारले तेवढेच सांग. मी खाली उतरलो. आमच्या वकिलांनी पुन्हा काही विचारले नाही.

माझ्या वहीत चूक नसते, हे मला सांगायला आवडले होते. ते सांगताना मला आनंद झाला होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. वडील तर त्या दिवशी लग्नाला आलेही नव्हते. ते ठाण्याला इस्पितळात हर्नियाच्या ऑपरेशनसाठी पडून होते आणि इकडे त्यांचे नाव माझ्या अक्षरात चढले.

आपला,
दिनानाथ


पुणे, २ सप्टेंबर १९९५

दिनानाथ,

आता तुला तू म्हणते. वय सांगितलंस आणि गुन्हाही कबूल केलास, तेव्हा तेवढा हक्क माझा.

तुझं पत्र वाचून मी वर्ग अर्ध्यावर सोडून स्टाफरूममध्ये आले. अरे, तू शेवटी जे वाक्य रडत रडत लिहिलंस तेच तर दार आहे! सिताराम मढवी इस्पितळात होते. मग त्यांच्या नावाचे ५१ रुपये मांडवात कोणी आणले? तू टेबलावर, आई बहुधा वडिलांच्या उशाशी. घरात चौथा माणूस कोण? आणि नोंद ६१ वी, म्हणजे रांगेच्या मध्यावर. वेळ एक ते दोनमधली. दोन्ही निकालांत वडील कुठे होते याबद्दल अक्षर नाही. कोणी विचारलंच नाही!

दोन गोष्टी हव्यात. वडील त्या दिवशी दाखल होते याचा कागद, आणि आहेराची मूळ वही. कोर्टाने छायाप्रत ठेवून मूळ वही परत दिली, असं पान १४ वर आहे. ती मुलीकडच्यांकडे असेल, पण सहा वर्षांनी असेल का, देव जाणे. मिळाली तर नीट तपास. काही उणीव असली तर आत्ताच हवी, कोर्टात नको.

दिल्लीला एक वकील आहेत, माझे जुने विद्यार्थी. फी घेणार नाहीत. विद्यार्थ्यांच्या निधीतून तुला तीनशे रुपयांची मनीऑर्डर करते, प्रवासाला.

मी सहसा असं लिहीत नाही, पण आईंना सांग, आशा आहे.

खदीजा परकार


तळवली,
दि. १२ नोव्हेंबर १९९५

आदरणीय बाई यांस,
सादर नमस्कार.

दोन्ही गोष्टी मिळाल्या.

इस्पितळात मी तीन वेळा गेलो. जुनी बाडे खालच्या खोलीत आहेत आणि १९८९ सालचे बाड सापडत नाही, असे तिथल्या कारकुनांनी सांगितले. घरी येऊन आईला म्हणालो की सर्व संपले. आईने रेशनकार्डाचा डबा काढला. त्यात वडिलांचे डिस्चार्ज कार्ड होते. दाखल ९ मे, सोडले १८ मे. शिक्का स्पष्ट आहे. मी म्हणालो, "हे आधी का नाही दिलंस?" आई म्हणाली, "तू कवा इचारलंस?"

वहीसाठी शिरवण्याला गेलो. नवरीची आई गिरजाबाई आता एकटी असते. मला वाटले होते की वही रद्दीत गेली असेल. ती हसली. "वही टाकीन कशी रं? यातल्या निम्म्यांचा आहेर अजून फेडाचा हाय. ज्याच्या घरी लगीन निघल त्याचं पान बघाचं आनि तेवढं देऊन याचं." तिने देवांच्या कपाटातून वही काढली. कोपरे हळदीने पिवळे झाले आहेत. नामादादाचे नाव काढले तर तिने पदर डोळ्याला लावला. "माज्या मांडवान जेवला पोर, आनि माजीच वही त्याला खाऊन बसली. ने बाबा. पन परत आन, नायतं तुज्या ओटीवर येऊन बसन."

वही घरी आणली आहे. सर्व नोंदी तपासल्या. सुचिताताईंना पाठवावे, त्यांच्या हाती देईन. पोस्टाने पाठवण्याची भीती वाटते.

आई रोज विचारते, "काय म्हनतान बाई?" मी आशा हा शब्द वाचून दाखवला.

आपला,
दिनानाथ


पुणे, २३ जानेवारी १९९६

दिनानाथ,

सुचिताने वही आणली. मी आज ती कोर्टाच्या छायाप्रतीशी पानागणिक ताडून पाहिली.

मूळ वहीत नोंद ६१ अशी आहे : सिताराम बाळू मढवी, ह. नामा, रु. ५१.

छायाप्रतीत "ह. नामा" नाही.

हे कधी लिहिलंस?

ख. परकार


तळवली,
दि. ३१ जानेवारी १९९६

आदरणीय बाई यांस,

दि. ५ नोव्हेंबर १९९५, रविवार, सायंकाळी ६ वाजून १० मिनिटे. आई पाण्याला गेली होती.

आपण लिहिले होते की उणीव असली तर आत्ताच हवी, कोर्टात नको. वहीत उणीव होती. दुसऱ्याच्या हाताने आहेर आला तर नावापुढे "हस्ते" लिहायचे असते. नोंद क्र. १७ ला मी लिहिले आहे, क्र. ९० ला लिहिले आहे. क्र. ६१ ला गर्दीत राहून गेले. सहा वर्षे ती ओळ मला पाठ होती. वही समोर आली तेव्हा जागा तशीच मोकळी होती, नाव आणि रकमेच्या मध्ये. मी दोन शब्द लिहिले, त्यातला एक तर अक्षरच. मग मला बरे वाटले.

आपणांस कळवले नाही, कारण कळवण्यासारखे वाटले नाही. छायाप्रतीचे लक्षात आले नाही, असेही नाही. आठवण आली होती, परंतु तोवर शाई वाळली होती.

बाई, ती खोटी नोंद नाही. खरी आहे. उशिरा लिहिली एवढेच.

दिनानाथ


पुणे, ११ फेब्रुवारी १९९६

दिनानाथ,

खरी आहे हे मला माहीत आहे. म्हणून तर आठ दिवस उत्तर लिहिता आलं नाही.

ऐक. वहीत ते दोन शब्द नसते तर वही आपल्या बाजूने बोलली असती. आता ती तुझ्याविरुद्ध बोलते. छायाप्रत आणि डिस्चार्ज कार्ड अजून आहेत, खरं आहे. पण आहेर आणणारा एक आणि नाव दुसऱ्याचं, ही तुमची रीत कोर्टाला सांगणार कोण? ज्याने वही लिहिली तो. म्हणजे तू. आणि पहिला प्रश्न येणार : मूळ वही दाखवा.

शब्द खोडावे असं एकदा माझ्या मनात आलं. हेही तुला सांगते. कपाटाची किल्ली सुचिताकडे दिली आणि तिला म्हटलं, मी मागितली तरी देऊ नकोस.

दोष सगळा तुझा नाही. बावीस वर्षं पुरावा शिकवते मी. पहिल्या तासाला मुलांना सांगते, कागद सापडला की हात मागे बांधा. तुला मात्र ते एक वाक्य लिहिलं नाही. उलट उणीव शोध म्हणून सांगितलं, तेही तुझ्यासारख्याला.

वकिलांशी बोलले. आपण छायाप्रत आणि कार्ड यांवर अर्ज करू. पण मूळ वहीत काय झालं हे अर्जात आपणच आधी लिहायचं, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, मग दाखल तरी कशाला करायचं?" मी म्हटलं, लपवून केलं आणि उघड झालं तर नामाबरोबर दिनानाथही आत जाईल. सुमित्राबाईंना तिसरा मुलगा नाही.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा पाठवते आहे. वाच आणि सही कर. यात काही दुरुस्त करू नकोस.

खदीजा परकार


पुणे, २४ नोव्हेंबर १९९७

दिनानाथ,

सतरा महिने वाट पाहिली, आणि सुनावणी चार मिनिटांत संपली. अर्ज फेटाळला. उशीर फार झाला. रीत घरच्यांना तेव्हाही माहीत होती, म्हणून पुरावा नवीन नाही. आणि मूळ वहीतला बदल अर्जदाराच्याच भावाने कबूल केला आहे. तिन्ही कारणं मी कागदावर खोडू शकत नाही. तिसरं तर मीच लिहायला लावलं होतं.

मी सांगितलं नसतं तर? रोज रात्रीचं जेवण झालं की हा प्रश्न येऊन बसतो. विद्यार्थ्यांना याचं उत्तर मला देता येतं. मला स्वतःला देता येत नाही.

आता कायद्याचं दार नाही. उरते शिक्षा. चौदा वर्षं भरली की सरकार सुटकेचा विचार करू शकतं, म्हणजे मे २००३ मध्ये. त्याआधी एकच गोष्ट, राज्यपालांकडे दयेचा अर्ज. असे अर्ज मी पाहिले आहेत. ज्यात "मला पश्चात्ताप होतो" असं असतं ते पुढे सरकतात. "मी केलंच नाही" असं असतं ते बहुतेक पडून राहतात. नियम असा नाही, अनुभव आहे.

तसा अर्ज मी आजवर कोणासाठी लिहिला नाही आणि तुमच्यासाठीही लिहिणार नाही. पण तुम्ही लिहिलात तर मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. एवढंच माझ्या हातात आहे आणि ते काहीच नाही, हे मला कळतं.

पुढच्या जूनमध्ये मी निवृत्त होते. सगळे म्हणतात, मग वकिली करा, आता उभं राहता येईल. कुठे उभी राहू?

आईंना माझा सलाम. मला त्यांच्यासमोर यायचं धैर्य नाही.

खदीजा परकार


तळवली,
दि. २२ फेब्रुवारी १९९८, रविवार

आदरणीय बाई यांस,
सादर नमस्कार.

उशीर झाल्याबद्दल क्षमा असावी. नाशिकची भेट मिळायला वेळ लागला. काल भेट झाली, दुपारी २ वाजून ५ मिनिटे ते २ वाजून २५ मिनिटे. आईला बरोबर नेले होते.

मी नामादादाला सर्व सांगितले. ५ नोव्हेंबरचेही. दोन वर्षे ते सांगायचे टाळले होते. तो जाळीच्या पलीकडून माझ्याकडे पाहत राहिला आणि मग हसू लागला. शेजारचा कैदी वळून पाहू लागला इतका हसला. "तू आनि तुजा अक्षर! अरं, परीक्षेचा पेपर हाय का तो, घंटा झाल्यावर लिवाला?" मग आईला म्हणाला, "आये, याला मारू नको. आधीच वाळलाय."

त्याचे समोरचे दोन दात पडले आहेत. आधी मला माहीत नव्हते.

मग मी दयेच्या अर्जाविषयी सांगितले. आपण लिहिलेले दोन्ही प्रकार सांगितले. आई म्हणाली, "नाय केलं तं नाय केलं. खोटं कशाला बोलाचं?" तो म्हणाला, "आये, खरं बोलून नऊ वरसा झाली." मग मला म्हणाला, "लिव. मी केला म्हनून लिव. नीट लिव, तुजा अक्षर कोर्टात दाखवला होता तसा."

आईने तिथून उठून पाठ फिरवली. परतीच्या गाडीत ती माझ्याशी बोलली नाही. अजून बोललेली नाही.

आज सकाळी ८ वाजता लिहायला बसलो. वामन भगतला कुठे मारले, कशाने मारले, हे लिहावे लागते असे नामादादाने सांगितले होते. मला ठाऊक नाही, म्हणून निकालपत्रातून उतरवून घेतले. पहार उजव्या हाताने मारली की डाव्या, हे निकालात नव्हते. नामादादा डावखुरा आहे. मी उजवा लिहिले, मग कागद फाडला आणि हात न लिहिता दुसरा मसुदा केला. "माझ्या हातून घडलेल्या कृत्याचा मला रात्रंदिवस पश्चात्ताप होतो" हे वाक्य आपल्या पत्रावरून घेतलेले नाही, माझे आहे. ते लिहायला अडचण आली नाही. एका दमात लिहिले.

तीन पाने झाली. उद्या नाशिकला पाठवतो, त्याची सही होऊन तुरुंगामार्फत पुढे जाईल. आपणांस प्रत पाठवत नाही. आपण ती वाचू नये असे मला वाटते.

आपण आईसमोर यायचे धैर्य नाही असे लिहिले. आई आपल्यावर रागावलेली नाही. काल जाताना गाडीत म्हणाली होती, "त्या बाईनं आपल्यासाठी केवरा लिवलं, तिची बोटा दुखली असतील."

निधीच्या पैशांचा हिशोब आपण मागितला नाही, तरी द्यायला हवा. प्रकरण माझ्यामुळे बिघडले, तेव्हा ते पैसे निधीचे म्हणून ठेवणे मला योग्य वाटत नाही. दुसऱ्या कोणाच्या भावासाठी उपयोगी पडतील.

निकालांच्या नकला व छायाप्रती : रु. २१५
टपाल व रजिस्टर : रु. ८६
प्रवास, ठाणे, शिरवणे, नाशिक : रु. ४९४
टंकलेखन : रु. ३४०
स्टॅम्प व प्रतिज्ञापत्र : रु. ११५
एकूण खर्च : रु. १,२५०

आपल्याकडून आलेल्या तीन मनीऑर्डरी : रु. ९००
मी आजवर परत केले : रु. १५०
देणे बाकी : रु. ७५०

मार्चपासून दरमहा ५० रुपये पाठवीन. पंधरा हप्ते होतात. मे १९९९ मध्ये माझे देणे संपेल. अर्ज मान्य झाला नाही तर त्या महिन्यात नामादादाची चार वर्षे बाकी राहतील.

आपला नम्र,
दिनानाथ सिताराम मढवी